रणगाड्याची खंडेनवमी

इस्लामपूर,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

तीर्थस्वरूप मानसिंगमामा यांस,
भाचा ऋषिराज याचा वाकून नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? मामींकडून कळले की, आपण सकाळचे फिरणे सोडलेले नाही, डॉक्टर सोडला आहे. तसे करू नये. येथे सर्व खुशाल. आईचा खोकला गेला, म्हशीचा आला. कारखाना दिवाळीनंतर सुरू होईल असे म्हणतात, म्हणजे माझ्या दुकानात आता गर्दी होईल. पत्र लिहिण्याचे कारण असे की, यंदा भाऊबीजेला येऊन रणगाडा पाहणार, असे आपण कळवले आहे. घरात सर्वांना फार आनंद झाला. तरी आपण भाऊबीजेला येऊ नये, अशी माझी नम्र विनंती आहे. संक्रांतीला यावे. (हे फोनवर सांगितले असते, पण आमच्याकडे रेंज फक्त ओसरीत असते आणि ओसरीत आबा असतात.)

गैरसमज राहू नये म्हणून पहिल्यापासून लिहितो. गेल्या वर्षी दसऱ्याच्या जेवणाला आबा आपल्याला जे बोलले, ते मी येथे पुन्हा लिहिणार नाही. (दाजी या नात्याने थट्टेचा अधिकार त्यांना आहे, पण ‘रणगाडा चालवत हुता का लंगरात बटाटं सोलत हुता, कुणी बघितलंय?’ हे थट्टेच्या थोडे पलीकडे गेले, असे माझे मत आहे. तेव्हा मी ते मनातल्या मनात मांडलेही होते.) आपण ताटावरून उठलात, ते पुन्हा आमच्या दारी आला नाहीत. त्या भाऊबीजेला आईने चंद्राला ओवाळले. आबा तेवढा वेळ गोठ्यात जाऊन बसले. म्हशीचे काहीही काम नव्हते.

मग बेंदराच्या सुमारास आपला खोका आला. आत आपण चालवत होतात त्याच जातीचा रणगाडा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, सुटा सुटा. वर आपली चिठ्ठी: ‘पोरांचा मोबाईल सुटला पाहिजे. त्यांनी स्वतः जोडावा. पुरा झाला की दाजींना दाखवावा. एकही भाग चुकता कामा नये.’ आपली सारी नोकरी खरी होती याचा पुरावा, थोरल्या दादाची क्रांती (चौथीत) आणि शिवतेज (पहिलीत) यांनी माझ्या देखरेखीखाली उभा करायचा होता. माझी बारावी अर्धी राहिली, हे आपण जाणता. पण काटेकोर कामाची मला सवय आहे. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर लावायची रेडियमची अक्षरे मी कापतो. ‘आईसाहेबांचा आशीर्वाद’ यातली एखादी वेलांटी चुकली तर गिऱ्हाईक काही म्हणत नाही, पण मी त्या ट्रॉलीमागे मोटारसायकल घेऊन पार गावाबाहेर जातो.

लहान मुलांना हा छंद लावायचा तर आधी शिस्त लावावी, असे मी ठरवले. हात धुवायचे, खिडकी उघडी ठेवायची (त्या डिंकाला उग्र वास असतो), पाते फक्त मी धरायचे, आणि क्रांतीने नेलकटरने एक भाग सोडवायचा, तो जोडायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. कारण सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लगडलेले असतात आणि त्यांचे आकडे भागांवर नसतात, चौकटीवर असतात. हे मी नीट समजावून सांगितले. मुलांनी माना डोलावल्या. मी चहा घ्यायला आत गेलो. (येथे चूक झाली. चहा आधी घ्यायला हवा होता.) आता ही मुले दर हंगामात आजीबरोबर भुईमुगाच्या शेंगा तोडायला बसतात. लगडलेले काही दिसले की ते तोडायचे, सुपात टाकायचे आणि वेल शेळीला घालायचा, हे त्यांच्या हाताला पाठ झालेले आहे. मी परत आलो तेव्हा आपला संपूर्ण रणगाडा एका सुपात होता आणि चौकटी शेळीपुढे होत्या. शिवतेज म्हणाला, ‘काका, लय शेंगा निघाल्या!’ शेळीने चौकटी खाल्ल्या नाहीत, नुसत्या चावून बघितल्या. आकडे मात्र त्यात गेले.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने आम्ही तांदूळ निवडावेत तसा रणगाडा निवडला. मामा, एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मुले माझ्यापेक्षा लवकर शिकली. एखादा भाग हातात आला की मी कागदावरचे चित्र शोधत बसे. क्रांती तो बोटांत फिरवून बघे आणि ‘ह्यो हितला’ म्हणून बसवून मोकळी होई. तो तिथलाच निघे. मोबाईलची आठवण कोणाला राहिली नाही (मलाही राहिली नाही, त्यामुळे दोन गिऱ्हाइके गेली). शंका मात्र फार विचारल्या. सायलेन्सर उभा का नाही? टेप कुठे आहे? उसाची ट्रॉली मागे कुठे अडकवायची? रणगाड्याला ट्रॉली नसते, असे मी म्हटल्यावर शिवतेज (मुले आपल्याला आजोबाच म्हणतात) म्हणाला, ‘मग आजोबा समदा दिवस नुस्तंच हिंडायचं व्हय?’ याचे उत्तर आपणच द्यावे.

पुढे आजोबा कुठे बसत, हे विचारले. मी पुढचे झाकण दाखवले. खोक्यात ड्रायव्हरही होता, गव्हाच्या दोन-तीन दाण्यांएवढा. त्याला मी एका केसाच्या कुंचल्याने मिशी काढली (आपली, निवृत्तीच्या वेळची) आणि वाळायला उंबऱ्यावर ठेवला. त्यानंतर तो कोणाला दिसलेला नाही. संशय कोंबडीवर आहे. मी काही म्हणायच्या आत मुलांनी बेंदराच्या बैलांची उरलेली माती भिजवली आणि नवा ड्रायव्हर केला. तो एक वीत उंच आहे. मिशी शेळीच्या केसांची आहे. झाकणातून आत जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्याला वर बसवला आहे. दोन्ही पाय खाली सोडून, उसाच्या ट्रॅक्टरवर बसतात तसा. मी पाटीवर गणित मांडून दाखवले की, एक वीत (आठ इंच) गुणिले पस्तीस म्हणजे आजोबांची उंची सुमारे तेवीस फूट होते. क्रांती म्हणाली, ‘आजोबा मोटंच हाईत की.’ आबा तिथे दाढी करत बसले होते. त्यांच्यासमोर आपला विषय निघाला म्हणून मी घाबरलो. पण आबांनी आरसा बाजूला करून त्या मातीच्या माणसाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘मिशी जमलीया.’

असा तो, ड्रायव्हर सोडता, पूर्ण बरोबर झाला होता. मी दोनदा तपासला. आपण त्या दिवशी आला असता तर मी स्वतः स्टँडवर घ्यायला आलो असतो. पण मध्ये खंडेनवमी आली. अंगणात विळे, कोयते, फवारणीचा पंप, माझी पाती आणि ट्रॅक्टर मांडला. रणगाडा हत्यारांत ठेवायचा की वाहनांत, यावर थोडी चर्चा झाली आणि तो मधोमध ठेवला. मी त्याला पूजेतून वगळावे असे सुचवले होते, परंतु घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने ऐकले नाही. (नाव विचारू नये, मी शब्द दिला आहे. उगाच दुसऱ्या कोणावर आळ नको म्हणून सांगतो की ती व्यक्ती आई नव्हे, दादा-वहिनी नव्हेत, आणि मीही नव्हे.) आधी हळद-कुंकू वाहिले, आपला सैनिकी हिरवा रंग आता भगवट झाला आहे. मग नव्या गाडीच्या रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवले. खऱ्या रणगाड्याने लिंबू चिरडले असते. पण रणगाडा पस्तिसावा हिस्सा आणि लिंबू पुरते, म्हणजे ती टेकडीच झाली. (मी लिंबाऐवजी हरभऱ्याचा दाणा सुचवला होता. सगळे हसले.) रणगाडा उलटला, डावा पट्टा निघाला. त्यावर त्या व्यक्तीने घाईघाईने, अपशकुन नको म्हणून, दगडावर नारळ आपटला. नारळ चांगला फुटला. त्याचे एक भकल उडून रणगाड्यावर बसले. तोफेची नळी मोडली, आणि मी पाण्यात भिजवून, श्वास धरून चिकटवलेले गाडीचे नंबर नारळाच्या पाण्याने सुटून वाहून गेले. मातीच्या ड्रायव्हरला काही झाले नाही.

सध्या रणगाडा फडताळात आहे. नळीच्या जागी मुलांनी पपईच्या देठाचा तुकडा बसवला आहे, तो रोज सुकतो आणि रोज बदलावा लागतो. अशा स्थितीत आपण येऊन आबांसमोर तो ठेवायचा, आणि आबांनी पुन्हा काही बोलायचे, हे मला झेपणार नाही. आपल्या नोकरीला बट्टा लागेल तो माझ्या हातून. म्हणून संक्रांत. तोवर मी सर्व नीट करीन. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावे.

आपला,
ऋषिराज

ता. क. येताना (संक्रांतीला) तोफेची नळी सुटी मिळाल्यास आणावी. न मिळाल्यास पूर्ण खोका आणावा. तो पोरांना दाखवू नये, माझ्याकडे द्यावा.

ता. क. २. पाकीट बंद करताना क्रांतीने दोन ओळी लिहायला मागितल्या. शुद्धलेखन मी तपासलेले नाही, कारण ती लिहू देईल पण बघू देणार नाही म्हणते.

आजोबा, नारळ आबांनी फोडला. काका सांगनार न्हाई. आबा म्हनलं माझ्या मेव्हन्याची गाडी हाय पूजा केल्याबिगर ठेवायची न्हाई. मग मोडली तवा ते जेवलं न्हाईत. आता रोज सांजच्याला रनगाडा ओसरीत घेऊन बसत्यात आनी कोनबी आलं की सांगत्यात ह्यो आमचा मानसिंग चालवायचा. शेजारच्या भाऊसो तात्याला तीनदा सांगितलं. तात्या आता दुसऱ्या वाटेनं जातो. पपईचा देट बी आबाच आनत्यात. तुमी या.

ता. क. ३. वरील मजकूर मी वाचला. खोडणार होतो, पण तो शाईने लिहिलेला आहे आणि खरा आहे. आईनेही वाचला. ती म्हणते, चंद्राला एकदा ओवाळले, आता पुन्हा नाही. तेव्हा संक्रांतीचे वर जे जे लिहिले आहे ते रद्द समजावे आणि भाऊबीजेलाच यावे. आबा काही बोलले तर ‘रणगाडा छान झाला’ म्हणावे, तेवढ्याने भागेल.

एकच अडचण आहे. शिवतेजने दाराची चौकट मोजली, आणि तेवीस फुटांच्या हिशेबाने आपण आत मावत नाही, म्हणून तो काल रडला. आबांनी त्याला मांडीवर घेतले आणि म्हणाले, ‘येऊ दे तर खरं. चौकट काडू.’