सासऱ्यांचा हात

१२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! तळघरात सासरे आणि मी तिन्ही द्राक्षांच्या वाइन मिसळून पाहत होतो — ग्रनाश, सिरा, कारिन्याँ. घोट घेतला. मनात आलं, कारिन्याँ कमी पडतेय. मी तोंड उघडणार तोच सासरे म्हणाले, "कारिन्याँ थोडी वाढव." माझं वाक्य माझ्याआधी त्यांच्या तोंडात!

यंदाचं प्रमाण मी ठरवायचं, असं त्यांनीच जाहीर केलंय. २३ला बाटल्या भरणारा ट्रक येतोय. सिल्व्हाँ म्हणतो, "जमत नसेल तर आत्ताच सांग, शहरातला तज्ज्ञ बोलावतो." नवऱ्याचा विश्वास हा असा! तज्ज्ञ आला की आमची वाइन चारचौघींसारखी होणार. पण मला खरंच जमतं का? तेच कळत नाही.

१३ फेब्रुवारी

आज आधीच कागदावर लिहिलं — पाच भाग ग्रनाश, तीन सिरा, दोन कारिन्याँ. कागद खिशात. चार मिश्रणं चाखली. सासऱ्यांनी दर वेळी पेला फिरवला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी नेमकं तेच निवडलं! वर म्हणतात, "सफरचंदाची साइडर पिणाऱ्यांच्या मुलखातली सून, पण शिकलीस हो!"

हसू की रडू? बारा वर्षं शेजारी उभी राहून मी त्यांचा पोपट झालेय बहुतेक.

१६ फेब्रुवारी

घसा खवखवतोय. नाक बंद, डोकंही बंद.

१८ फेब्रुवारी, रविवार

रानडुकराचा रस्सा केला, संत्र्याची साल आणि काळी ऑलिव्ह घालून. घरच्या जेवणाबरोबर जमल्याशिवाय सासरे कुठलंच मिश्रण पास करत नाहीत. मला मात्र रस्साही गरम पाण्यासारखा लागत होता.

सिल्व्हाँ पाव आणायला गेलेला. सासऱ्यांनी सुरईतून वाइन ओतली. मी प्याले. काही कळेना, गप्प बसले. ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "वा! हीच! रस्स्याला कशी धरून आहे बघ." आणखी एक पेला घेतला.

सिल्व्हाँ आला, एक घोट घेतला आणि थेट मोरीत थुंकला. "बाबा! केवढा कुबट वास! कोपऱ्यातल्या खराब पिंपातली काढलीत तुम्ही!"

"परीक्षा घेत होतो तुमची," सासरे हसत म्हणाले.

परीक्षा घेणारा माणूस दोन पेले कशाला पिईल? डोकं चालत नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार

नाक सुटलं. तळघरात मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून चाखलं.

"नादेज, वळ ना गं इकडे."

"आधी तुम्ही सांगा, बाबा."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "माझं नाक तीन वर्षांपूर्वीच गेलं. तेव्हापासून तुझ्या भुवया वाचतोय. डावी चढली की कारिन्याँ कमी." आणि मग अगदी हळू, "सिल्व्हाँला सांगू नकोस."

राग आला. मग त्यांची इतकी दया आली की तिथेच पिंपावर बसून रडले.

२२ फेब्रुवारी

तीन वर्षं सगळं गाव सासऱ्यांचा हात म्हणून जिचं कौतुक करतंय, ती वाइन माझी! उद्या काही बिघडलं तर तेही माझंच. भीती वाटतेय. सिल्व्हाँला म्हटलं, तज्ज्ञ नको.