पन्हाळ्याच्या चढाला टिकतील अशी चाकं

८ फेब्रुवारी २००४, रविवार. संध्याकाळी सात.

सुष्मिताला नोकरी लागली. पुण्यात. एक जुलैला हजर व्हायचंय. गल्लीत पेढे वाटले. घरात आनंदीआनंद आहे. मीही आनंदातच आहे.

पेढा खाता खाता पोरगी म्हणाली, आप्पा, मी सहावीत असताना तुम्ही मला सायकलवरून पन्हाळ्याला न्यायचं कबूल केलं होतं. आता मी जायच्या आत नेणार की नाही? तेव्हा का राहिलं ते मला आठवत नाही. काहीतरी कारण असणारच, मी विनाकारण काही टाळत नाही.

संकल्प: जून संपायच्या आत बापलेकीनं सायकलवरून पन्हाळा. तिच्याकडे तिची लाल लेडीज सायकल आहे. मला सायकल नाही, तेवढी घ्यायची. पावणेपाच महिने हातात आहेत. एवढ्यात लोक हिमालय चढून येतात.

१५ फेब्रुवारी, रविवार.

काम फत्ते. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडून गियरच्या माउंटन बाईकची फ्रेम मिळाली. हँडल, गियर, ब्रेक, पायडल सगळं आहे. फक्त चाकं नाहीत. चाकांवरून डॉक्टरांची स्वतःचीच जीप गेली होती.

मिसेस म्हणाल्या, अख्खी सायकल विकत का घेत नाही? मिसेसना मेकॅनिकल विषय कळत नाहीत. तयार सायकल कुणीही घेतो. माउंटन बाईक बिल्ड करायची असते. आणि बिल्डमध्ये चाकं म्हणजे सगळं. बाकी नुसता पाइप.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

मंगळवार पेठेत गणपतरावांच्या सायकल दुकानात गेलतो. चाळीस वर्षांचं दुकान. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि वजन विचारलं. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, काटा माझ्याच हाताखाली असतो, वजन लपवायचं कारण नाही. गुळाचा एक रवा तीस किलोचा. मी तीन रवे आणि वर दोन किलो. तसंच सांगितलं.

त्यांनी खुंटीवरची एक अलॉय जोडी काढून पुढ्यात ठेवली. म्हणाले, "ही न्या की पावणं. पन्हाळा काय, दिल्लीपतूर जावा."

मी नुसता हसलो. पहिलं दिसलं ते चाक घेणारा माणूस उद्या पहिला दिसला तो जावईही घेईल. गुळाचा रवासुद्धा मी फोडून, चाखून, मगच उतरवून घेतो. अभ्यास करून येतो म्हणालो.

२२ फेब्रुवारी, रविवार.

सायबर कॅफेत तीन तास. अमेरिकेतल्या लोकांनी चाकांवर किती लिहून ठेवलंय! आपल्याकडे कुणाला पत्ताच नाही. रिम डबल वॉल पाहिजे, म्हणजे दुहेरी पत्र्याची. तारा छत्तीस पाहिजेत, बत्तीस नकोत, विशेषतः तीन रव्यांच्या माणसाला. आणि चाकाचा जीव असतो हबमध्ये. मधला तो गोळा भक्कम असेल तर बाकी चाक जन्मभर पुरतं. स्वस्तातलं चाक महाग पडतं आणि महागातलं परवडत नाही, मधलं शोधायचं.

सुष्मितानं विचारलं तर सांगायचं म्हणून तयारीत बसलो होतो. तिनं विचारलं, ठरलं का? ऐंशी टक्के ठरलंय म्हणालो.

१४ मार्च, रविवार.

ठरलं. आपला गूळ घेऊन पुण्याला जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला चिठ्ठी दिली. येताना तो रिम आणि हब घेऊन येणार. तीन आठवडे म्हणाला. घाईत घेतलेली वस्तू टिकत नाही.

२१ मार्च. पाडवा.

नवीन वर्षाचे संकल्प: रोज पहाटे पाचला उठून रंकाळ्याला एक चक्कर. जेवताना एक भाकरी कमी. गोड बंद.

आज पुरणपोळ्या पाच झाल्या. सण होता. उद्यापासून.

४ एप्रिल, रविवार.

सुष्मिता म्हणाली, चाकं येतील तेव्हा येतील, शेजारच्यांची सायकल मागून घेऊ आणि आजच जाऊन येऊ. पोरीला व्यवहार कळत नाही. जोतिबाची चैत्र यात्रा आहे. सगळा जिल्हा त्याच रस्त्यावर. गुलालानं गियर जाम होतात, हे मी कुठंतरी वाचलंय. यात्रा होऊ दे म्हणालो.

बरं म्हणाली. हल्ली ती लगेच बरं म्हणते. पूर्वी भांडायची.

२५ एप्रिल, रविवार.

माल आला! तीनाचे सहा आठवडे झाले, पण माल बघून डोळे निवले. काळ्या डबल वॉल रिम. चकचकीत हब. सगळं कॉटवर मांडून बसलो. सुष्मिताही शेजारी येऊन बसली, रिममधून माझ्याकडे बघून हसली. लहानपणी टायर फिरवायची तशीच दिसली.

दुपारी गणपतरावांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून मोजलं. रिमला भोकं छत्तीस. हबला बत्तीस.

मी तीनदा मोजलं. घरी आणून मिसेसना मोजायला लावलं. त्यांचीही छत्तीस आणि बत्तीसच आली. चिठ्ठीत मी रिमचीच संख्या लिहिली होती, हबची लिहायची राहिली. गणपतराव म्हणाले होते, "उरलेल्या चार तारा काय हातात धरून बसणार?" आणि पुन्हा ती खुंटीवरची जोडी काढली. मी नको म्हणालो. इतका अभ्यास झाल्यावर माघार घेणं बरोबर दिसत नाही.

२७ एप्रिल, मंगळवार.

आपण कोल्हापुरात राहतो हे मी विसरलोच होतो. पुण्याच्या हबवर अडून बसायला आपल्या उद्यमनगराला कुलूप लागलंय काय? तिथं नुसतं चित्र दाखवलं तर लोक विमानाचा पार्ट करून देतात.

रुद्रय्याकडे गेलो. गडहिंग्लजच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्यांची सगळी कामं त्याच्याकडे. त्याला रिम दाखवली, छत्तीस भोकं दाखवली, फ्रेमचं माप आणि माझं वजन दिलं आणि एकच सांगितलं, टिकायला पाहिजे. त्याला रागच आला. "माझ्या हबवर दहा टन ऊस जातोय. तू तीन रव्याचं काय सांगतोस मला?"

अंगावर काटा आला. हा खरा माणूस. आठ दिवसात देतो म्हणाला.

१६ मे, रविवार.

आठ दिवसांचे तीन आठवडे होत आले. ऊस संपला, त्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या ट्रॉल्या दुरुस्तीला रुद्रय्याच्याच दारात. चारदा गेलो, चार चहा झाले, हब नाही.

सुष्मिताची खरेदी चालू आहे. दाराजवळ निळी सुटकेस येऊन बसली आहे. रोज माझा अंगठा तिला ठेचकाळतो. दोनदा बाजूला ठेवा म्हणून सांगितलं, कुणी ठेवत नाही.

खरं लिहायचं तर रुद्रय्याच्या उशिराचा मला राग येत नाही. चाक झालं की पन्हाळा. पन्हाळा झाला की पुणे. हे इथंच राहू दे.

७ जून, सोमवार.

हब आले. आरशासारखे. आत तोंड दिसतं. सवयीनं दुकानातल्या काट्यावर ठेवले. जोडी नऊ किलो. हमाल बघायला जमले. एकानं विचारलं, कुठल्या ट्रॉलीचं? मी दुर्लक्ष केलं. वजन म्हणजेच मजबुती.

१३ जून, रविवार.

आज ऐतिहासिक दिवस. गणपतरावांनी दोन दिवस बसून बहात्तर तारा ओवल्या, आउट काढला, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवला. मागचं चाक स्टँडला लावून एक बोट मारलं. फिरायला लागलं. आम्ही चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, चाक फिरतंच होतं. गणपतराव म्हणाले, "असलं चाक मी जल्मात बघितलं न्हाई." चार महिन्यांचं सार्थक झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ते फ्रीव्हील बसवायला गेले. म्हणजे साखळी जिच्यावर बसते ती दातेरी चकती, जिच्यामुळं पायडल मारलं की चाक पुढं जातं. ती हबला आट्यांवर फिरवून बसवायची असते. ह्या हबला आटेच नाहीत. दोन्ही बाजूंनी नुसता गुळगुळीत. गणपतरावांनी चाक उलटं केलं, सुलटं केलं, आणि हे कुणी केलं म्हणून हळूच विचारलं.

१४ जून, सोमवार.

रुद्रय्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ट्रॉलीचं चाक नुसतं फिरायचं असतंय, वडायला म्होरं ट्रॅक्टर असतोय. "टिकायला पायजे म्हणालास, टिकणार. ह्येला पायडल मारायचंय ह्ये कवा बोललास?"

खरंच बोललो नव्हतो. सायकलच्या चाकाला पायडल असतं, हे पण सांगायचं असतं काय? आणि आता आटे पाडता येत नाहीत, कारण टिकण्यासाठी त्यानं माल भट्टीत तापवून कडक केलाय, त्यावर हत्यार चालत नाही. दुसरा हब करायला पाहिजे. आठ दिवस.

सध्या माझ्याकडे कोल्हापुरातली सगळ्यात मजबूत सायकल आहे. फक्त पुढं ट्रॅक्टर पाहिजे.

२० जून, रविवार.

पाऊस. रुद्रय्या गडहिंग्लजला लग्नाला गेलाय.

२६ जून, शनिवार. दुपारी चार.

हब नाही. सुष्मिता म्हणाली, आप्पा, उद्या शेवटचा रविवार. मंगळवारी मी जाणार.

तडक उठून गणपतरावांकडे गेलो. द्या म्हणालो ती खुंटीवरची जोडी. खुंटी रिकामी. कालच गडमुडशिंगीच्या आकाराम दूधवाल्याला दिली. "चार म्हयनं तुमच्यासाठी थांबवून ठिवली व्हती," म्हणाले. मला माहीतच नव्हतं. तिथंच पायरीवर बसलो.

घरी आल्यावर सुष्मिता म्हणाली, भाड्यानं सायकल घ्या. मी तिला समजावलं, ओला घाट, भाड्याची चाकं, तीन रव्यांचा माणूस. एक तार तुटली तर? ती बरं म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

२७ जून, रविवार.

ती पहाटे एकटीच निघाली. मी शिवाजी पुलापर्यंत पोचवायला गेलो. माझी सायकल ढकलत नेली. टेस्टिंग होईल म्हणून. ढकलायला फार सुंदर जाते.

पुलावर ती थांबली. "आप्पा, तुम्ही आता परत जावा. पाऊस येतोय." मी हो म्हणालो आणि थांबलो. लाल सायकल वळणावर दिसेनाशी झाली. बारा वर्षांची सायकल, तीच चाकं, मी कधी आउटसुद्धा काढून दिला नाही. परत येताना एकानं पंक्चर काय म्हणून विचारलं. व्हय म्हणालो.

एक वाजता आली. चिंब भिजलेली, ओठ जांभळे, पिशवीत माझ्यासाठी जांभळं. वाघबीळच्या चढाला धाप लागली, पण उतरले नाही म्हणाली. वर गेल्यावर कसं वाटलं म्हणून विचारलं. म्हणाली, "ते तुम्ही जाऊन बघा. मग आपण बोलू. माझी सायकल ठेवून जातेय तुमच्यासाठी."

२९ जून, मंगळवार.

गाडी साडेनऊला सुटली. निळी सुटकेस मीच वर चढवली. तिला खिडकी मिळाली. मिसेस रडल्या. मी गाडीच्या मागच्या टायरकडे बघत होतो.

संकल्प: येत्या रविवारी तिच्या सायकलवरून पन्हाळा. एकटा. कुठलीही सबब नाही.

१८ जुलै, रविवार. सकाळी अकरा.

फोन आला. दर रविवारी असतो. आईशी बोलून झालं, मग माझ्याशी. जेवण बरं आहे, रूमवर तिघी आहेत, ऑफिस लांब आहे. मग विचारलं, आप्पा, पन्हाळ्याला गेलात?

दोन रविवार नाही म्हणून सांगितलं होतं. पहिल्याला पाऊस, दुसऱ्याला गुडघा. आज तोंडातून निघून गेलं, हो, गेलतो की. काल. तुझ्याच सायकलवरून.

वरून काय दिसलं म्हणाली. धुकं होतं, काहीच दिसलं नाही म्हणालो. जुलैत पन्हाळ्यावर धुकं असतंच, तेवढं खोटं नव्हतं.

ती हळू आवाजात म्हणाली, "आप्पा, त्या सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या पर्समध्येच राहिलीय. तीन आठवडे झाले."

फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. वाटलं आता चिडेल, पूर्वीसारखी भांडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, गणपतीला येते, किल्ली घेऊन येते, आपण दोघं मिळून जाऊ. तेवढं बोलून तिनं फोन ठेवला. मला रडू आलं. मिसेसनी विचारलं तर सर्दी म्हणालो.

जिन्याखाली जाऊन बघितलं. मागच्या चाकाला खरंच कुलूप. सीटवर बोटभर धूळ. तीन आठवड्यात मी तिला हातसुद्धा लावला नव्हता. रुद्रय्याचा दुसरा हब, आटे पाडलेला, तयार होऊनही पंधरा दिवस झाले. आणायला जमलं नाही. तसाही तो जरा जडच वाटतोय म्हणे.

गणपती अठरा सप्टेंबरला. बरोबर दोन महिने आहेत. चाकांचं निवांत बघता येईल.