एका चालीची आठ गाणी

आबा, परवा जळगावला एका हळदीत आपली ती कॅसेट पुन्हा ऐकली. आता कॅसेट कुठली, कोणाच्या तरी मोबाइलवर होती. नरडाण्याच्या पोरीच्या गाण्यावर बायका अशा नाचत होत्या की विचारू नका. पोरगी कसली, माझ्यासारखीच साठीला टेकलेली असेल. माझं गाणं लागलं तेव्हा कोणीतरी पुढचं लावलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिचा हेवा काही माझ्या मनातून गेला नाही.

धुळ्याचा तो स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची खोली, आवाज आत येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या लावलेल्या. खोली एका दिवसापुरतीच मिळालेली, म्हणून युक्ती तुमचीच: चाल एकच, पेटी-ढोलकी एकदाच वाजवून टेपवर घ्यायची आणि आठ जणींनी पाळीपाळीने त्याच वाजवण्यावर आपापले शब्द गायचे. शिरपूरची सासूवर गायली, जामनेरची नणंदेवर, मी माहेरावर. पण एकदा पट्टी धरली की सगळ्यांनी त्याच सुराला गळा लावायचा. तुम्ही धरली काळी पाच. ती नरडाण्याच्या पोरीची पट्टी. माझी काळी चार, तिच्याहून खालची. तुम्हीच लहानपणी ठरवून दिलेली. ती उभी राहते, पदर खोचते, आणि पहिल्याच ओळीला तुमची मान डोलायला लागते. "हाई पोर नाव काढी," तुम्ही म्हणता, माझ्यासमोर. मग मी गाते. वरच्या सुराला माझा आवाज फाटतो, आणि तुम्ही म्हणता, "ऱ्हाऊ दे, चाली जाई." त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यात तर बरं झालं असतं.

घरी आईने तुम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. "पोटनी पोर सोडीसन परकी पोरनी पट्टी धरी?" तुम्ही खाली मान घालून भाकरी खात राहिलात. त्यानंतर मी तुमच्या पेटीशेजारी कधी बसले नाही. ती मात्र दर रविवारी शिकायला यायची. आई तिच्यासाठी चहा टाकायची नाही, तुम्ही स्वतः उठून टाकायचात. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसायचे आणि तिची एकही तान चुकत नाही म्हणून जळायचे.

हे कागद ट्रंकेत ठेवून देईन. आईच्या हाती लागले असते तर पंचाईत झाली असती, पण आता तीही नाही. त्या सकाळी पेटी उघडण्याआधी तुम्ही मला गिरणीच्या जिन्यात थांबवून म्हणालात, "मी तुनीच पट्टी धरस. काळी चार ना?" नरडाण्याची मागच्या पायरीवर उभी होती, ऐकत होती. मी म्हणाले, काळी पाच. तुम्ही विचारलंत, "झेपी का तुले?" मी हो म्हणाले. आईला हे तुम्ही शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मीही नाही.