तिळाएवढा शंख आणि बायकोचं नाव

४ मार्च, सकाळ
किनाऱ्यावरून आणलेल्या वाळूत तिळाएवढा शंख सापडला. आजपासून शास्त्रीय शिस्त. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर शंख उजवा. बहुतेक सगळे उजवेच. मायक्रोस्कोपला डोळा लावला की मला स्वतःच्या पापण्याच दिसतात, म्हणून मोबाईल टेकवला. मागचा कॅमेरा फुटलाय. सेल्फीवाल्याने फोटो काढला. मापासाठी शेजारी पट्टी.

५ मार्च
फोटोत तोंड डावीकडे! अंगावरच्या उभ्या रेघा मोजल्या, दर वेळी वेगळा आकडा. माझ्या शंखांच्या पुस्तकात असा शंख नाही. पुस्तक अपुरं आहे. ही नवी प्रजाती.

संध्याकाळ
बायकोला म्हटलं, प्रजातीला तुझं नाव देणार. आधी तिला चेष्टा वाटली. मग म्हणाली, दारावरची पाटी तुमची, गाडी तुमची, माझ्या नावाने आजवर साधं पार्सल आलं नाही. डोळे भरले तिचे. माझेही. लगेच तिने ताईला फोन केला. आता माघार नाही.

७ मार्च
म्युझियममधल्या शंखतज्ज्ञ मॅडमना फोन केला. म्हणाल्या, फोटो पाठवा, शंखही आणा. शंख जरा मळकट होता. वाटीत व्हिनेगर घेऊन भिजत घातला. डुलकी लागली.

नंतर
वाटीत शंख नाही. जमिनीवर पालथा पडून शोधला. बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, व्यायाम. मग पुस्तकात सापडलं: शंख चुन्याचा असतो, व्हिनेगरमध्ये विरघळतो. हे पहिल्या पानावर छापायला काय झालं होतं?

८ मार्च
हरकत नाही. फोटो हाच पुरावा. पाठवला. नावात माहेरचं आडनाव घालता येईल का, असं बायको विचारत होती. म्हटलं, बघू.

१० मार्च
मॅडमचं उत्तर. पट्टीवरचे आकडे उलटे दिसतायत, तुमच्या सेल्फी कॅमेऱ्याने आरशासारखा फोटो काढलाय. सरळ केला की शंख उजवा. ही प्रजाती मूठभर वाळूतही ढिगाने मिळते. तरी खात्रीसाठी शंख आणा, म्हणाल्या. कुठून आणू?
कडक प्रत्युत्तर लिहायला बसलो. 'आदरणीय मॅडम'च्या पुढे काही सुचेना.

११ मार्च
बायकोला सगळं सांगून टाकलं. तोवर ताई, मुलगी, वरच्या मजल्यावरच्या बाई, सगळीकडे बातमी पोचलेली. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मला तिच्याकडे बघवेना. मग म्हणाली, असू द्या, ताईला सांगते की माझ्या नावाची एक प्रजाती होती, पण ती नामशेष झाली.