रामदासरावांचं फिरणं

नवागाम, सुरत
८ जानेवारी १९९६

ती. पंडितदादास सरस्वतीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. कापडाच्या लूमचा कारखाना बंद झाल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून बसतात, एक शब्द बोलत नाहीत, असं मी रडत लिहिलं आणि तू मास्तरकी काढलीस. निसर्गात फिरवून आण, मन ताजंतवानं होईल म्हणे! अरे, आमच्या दारातला निसर्ग म्हणजे खाडीचं काळं पाणी आणि त्यात लोळणारी डुकरं. शिवाय ज्या माणसाने जन्मभर लूमच्या रांगांमधून फेऱ्या मारल्या, त्याला तू चालायला शिकवणार? तू तर कोपऱ्यावरच्या दुकानातही स्कूटरवर जातोस, वहिनीने कळवलंय मला.

यांचे थोरले भाऊ उखाभाऊजी संक्रांतीनंतर यांना गावी भगताकडे न्यायला येणार आहेत. तिथे माणसाला झाडाला बांधतात. मला फार भीती वाटते रे. काही कामाचं सुचलं तर लिही.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी सरस्वती

अमळनेर
१३ जानेवारी १९९६

चि. सरस्वतीस अनेक आशीर्वाद.

तुझी जीभ लग्नानंतरही तिखटच राहिली. भगताची भीती वाटते आणि सख्ख्या भावाचा सल्लाही चालत नाही! अगं, कोंडलेल्या जागेतली येरझार म्हणजे का फिरणं? डिंडोलीपलीकडे उसाची शेतं आहेत, कालवा आहे. रामदासरावांना तिथे ने. तोवर उखाला मी थोपवतो.

दोघांनी जिवाला जपावं.
तुझा दादा

नवागाम, सुरत
२२ जानेवारी १९९६

ती. दादास सा. न. वि. वि.

नेलं बाबा. आता हस. कालव्याच्या कडेने हे लूमच्या एका रांगेएवढं चालले की गर्रकन मागे वळायचे. परत तेवढंच, परत मागे. मान तिरपी, जणू तुटलेला धागा शोधतायत. ऊस तोडणारी माणसं खदाखदा हसली. रोज हाच तमाशा. घरी येऊन मी तुझ्या निसर्गाला मनसोक्त शिव्या घातल्या.

काल मात्र इतका संताप आला की हे वळायच्या आत मी यांचा हात धरला आणि ओढतच पुढे नेलं. चारचौघांत नवऱ्याचा हात मी पहिल्यांदाच धरला. जरा पुढे गेल्यावर यांनी हात सोडवून घेतला. वाटलं, आता वळतील. पण वळले नाहीत, बगळे बघत चालत राहिले. अंधारायला लागलं तेव्हा मीच म्हणाले, घरी चला. तर इतक्या दिवसांनी यांनी तोंड उघडलं, म्हणाले, आखो पुढे जाऊत. अजून पुढे!

दादा, मी तिथे बांधावर बसून ढसाढसा रडले. उखाभाऊजींना येऊ नका म्हणून तूच कळव. आणि शहाणपण मिरवायला इकडे येऊ नकोस. आलास तर मजबूत चपला घालून ये, आम्ही कुणासाठी थांबणार नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी सरस्वती