डाव्या बाहीची टीप

बाबा, परवा मी घरात चष्म्याचा नंबर तपासायला जाते असं सांगून निघाले. यांनी वर्तमानपत्रातून मान वर काढून विचारलं, दिवाळीतच तर नवा घेतलास ना? मी म्हटलं, हो, पण जवळचं नीट दिसत नाही. खोपोलीला गाडीत बसले आणि एकदम हसू आलं, कारण ते वाक्य माझं नव्हतंच, तुमचं होतं. वीस वर्षांपूर्वी आपण दोघं दर पंधरा दिवसांनी याच वाक्याच्या आडोशानं कर्जतहून दादरला जात होतो, आणि दहिवलीतल्या शेजाऱ्यांना वाटत होतं की शिंप्याच्या डोळ्यांना काहीतरी भयंकर झालंय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. हे पत्र टाकायचं कुठे ते मला ठाऊक नाही, पण जे सांगायचं आहे ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तुम्ही आधी तसे नव्हता. आपलं घर म्हणजे पुढे दुकान, मागे चूल आणि मधे एक पडदा. मशीन चालत असेपर्यंत आई भाकऱ्या थापत असायची, आणि मशीन थांबलं की पडद्याआडून विचारायची, चहा टाकू का? एक पोलकं संपलं की एक चहा, असा तुमचा नेम होता. त्या वर्षी लग्नसराईत मशीन मधेच थांबायला लागलं आणि तुम्ही चहालाही नको म्हणायला लागलात. एकदा आई पडदा सारून बघते तर तुम्ही ब्लेडनं टीप उसवताय. चांगली सरळ, तुमच्याच हातची टीप. उसवायला आवाज होत नाही, म्हणून ते किती दिवस चाललं होतं हे आम्हाला कळलंच नव्हतं. विचारलं तर म्हणालात, जरा तिरकी गेल्यासारखी वाटली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, काज-बटणं आणि हुक माझ्याकडे. मी लावलेलं हुक उसवून परत माझ्याकडे यायचं, पुन्हा लावलं की पुन्हा यायचं. मला फार राग यायचा. वाटायचं, माझ्या कामावर तुमचा विश्वास राहिला नाही. तुमचा तुमच्या स्वतःच्या हातावरच राहिला नव्हता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाकीच्या गोष्टींना आमच्याकडे कारणं तयार होती. पहाटेच जाग येते, तर पित्त. भाकरी मोडून ताटात तशीच, तर उन्हाळा. आईनं घातलेल्या मिठावरून जन्मात पहिल्यांदा ताट सरकवलंत, तर कामाचा ताण. गणपतीत टाळ घेऊन भजनाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसणारे तुम्ही, त्या वर्षी गेलाच नाहीत, तर गुडघे. एकेक कारण अगदी पटण्यासारखं होतं, फक्त सगळी शेजारी शेजारी मांडून कुणी बघितली नाहीत. आई माहेरी खालापूरला जाऊन अंगारा घेऊन आली आणि तुमच्या नकळत मशीनच्या खणात ठेवला. तुम्हाला तो बॉबिन शोधताना सापडला. तुम्ही पुडी होती तिथेच परत ठेवलीत. मग आईनंच निदान केलं की तुमचे डोळे अधू झालेत. पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, थोडासा नंबर निघाला, जाड काळ्या काड्यांचा चष्मा आला. आणि झालं काय, तर तोवर जे टाके तुम्हाला दिसत नव्हते तेसुद्धा दिसायला लागले. आधी एक टीप उसवत होतात, आता दोन. आई कपाळाला हात लावून बसली.

बाजारातले म्हातारे डॉक्टर आपल्याकडे आले ते तुमच्यासाठी नाही, त्यांच्या पायजम्यासाठी. तिसरा हेलपाटा होता त्यांचा. पायजमा अर्धा उसवलेला समोर पडला होता. तो त्यांनी उचलून बघितला, तुमच्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढून बसले. झोप कशी आहे, जेवण जातं का, आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यात आता रमतो का, एवढंच विचारलं. उत्तरं आईनं पडद्याआडून दिली. हे किती दिवस चाललंय, यावर मात्र आपण तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो, कारण मोजायला गेलं तर वर्ष व्हायला आलं होतं. डॉक्टर म्हणाले की चार दिवस मन लागत नाही, झोप उडते, हे कुणाचंही होतं, त्यासाठी कुणाचं दार ठोठावायला नको. पण आठवड्यांमागून आठवडे तेच चाललं, आणि हातातलं काम अडायला लागलं, की आपोआप बरं होईल म्हणून बसू नये. दादरला एक बाई आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या. सुई टोचत नाहीत, गोळ्या देत नाहीत, समोर बसवून बोलतात. तुम्ही चष्मा काढून हातात घेतलात.

“ठाण्याला टाकताय का मला, डाक्टर?”

“ठाण्याला नाही मास्तर, दादरला. आणि दिवेलागणीला परत घरी.”

आपल्याकडे डॉक्टरच्या समोर ठाण्याचं नाव निघालं की वेड्यांच्या इस्पितळाखेरीज दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. तुम्ही कसनुसं हसलात. डॉक्टर पायजम्याशिवाय गेले, आणि पुढे कितीतरी महिने तो विषय काढायची आमची कुणाची छाती झाली नाही.

मग तो कशेळ्याच्या बाजाराचा दिवस. आपण मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळून एसटीच्या टपावर चढवतो, पायाचा सांगाडा कशेळ्यातच एका ओळखीच्या ओटीवर ठेवलेला असतो. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं उतरतात, कापड घेतात, मशीनशेजारी बसून शिवून घेतात आणि घेऊनच वर जातात. कापड ठेवून जायची त्यांची रीत नाही, कारण पुन्हा खाली येणं पुढच्या बाजारालाच. त्या दिवशी एक बाई लेकीच्या पोलक्याचं हिरवं कापड घेऊन सकाळीच बसली आहे. लेकीला दुसऱ्या दिवशी सासरचे न्यायला यायचे आहेत. पूर्वी असं पोलकं तुम्ही गप्पा मारत मारत तासाभरात उतरवायचात. आज डावी बाही लावता, बघता, उसवता. पुन्हा लावता, पुन्हा उसवता. तिच्याबरोबरच्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या. ती थोडी सरकून मशीनजवळ बसते. उन्हं कलली आणि तुम्ही तिसऱ्यांदा ब्लेड हातात घेतलंत. तेव्हा मी बोलले, अख्ख्या बाजारासमोर बोलले.

“वेड लागलंय का बाबा तुम्हाला?”

तुमचा हात चाकावर होता तसाच राहिला. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आजूबाजूला कोण कोण बघतंय तेही बघितलं नाहीत, नुसते सुईकडे बघत राहिलात. ती बाई उठली. तिनं सुईखालून पोलकं हलकेच काढून घेतलं, सुटी बाही त्याच्या आत घातली आणि घडी केली. मला वाटलं, आता तुम्हाला बोलणार. ती मला बोलली.

“बापाला असं बोलू नको गं. त्याचा हात थांबत नाय, ते त्याला कळत नाय का? तुज्यापेक्षा त्यालाच जास्त कळतंय. बाही मी घरी लावीन.”

एवढं सांगून ती वाटेला लागली. परतीच्या एसटीत आपण शेजारी शेजारी बसलो होतो, आणि माझ्या तोंडातून माफीचा शब्द निघाला नाही. तो आजवर राहूनच गेला. दहिवली जवळ आल्यावर तुम्हीच म्हणालात, “त्या दादरच्या बाईंकडं जाऊ या आपण. पण घरी-दारी चष्म्याला जातो म्हणून सांगायचं.” मी मान हलवली. तेवढं तरी मला करता आलं.

पहिल्या दिवशी तुम्ही चष्म्याची डबी शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवलीत. मी बाहेर बाकावर, जीव टांगणीला. तासाभरानं तुम्ही आलात ते चांगले खुशीत. काय बोललात, म्हणून विचारलं, तर म्हणालात, त्यांच्या पडद्याची दुमड वाकडी हाय, ते सांगितलं. तासभर? तासभर. त्या बाईंनी तो पडदा शेवटपर्यंत तसाच ठेवला. मला आता वाटतं मुद्दाम ठेवला असेल. तुमचं मत मात्र पक्कं होतं, की बाई भल्या आहेत पण त्यांना शिवणातलं ओ की ठो कळत नाही. जादू काही झाली नाही. मधे एक महिना तर पहिल्यापेक्षा वाईट गेला, आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना नावं ठेवली. पण हळूहळू तुम्ही सकाळी उजाडल्यावर उठायला लागलात. डॉक्टरांचा पायजमा एकदाचा गेला. आणि एके दिवशी दुपारी मशीन थांबलं, आई नेहमीसारखी श्वास रोखून पडद्याआड उभी राहिली, तर तुम्हीच हाक मारलीत, चहा टाक गं. आई चुलीपुढे बसून रडली आणि तो चहा सगळा उतू गेला. तुम्हाला दुसरा करून दिला, हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्यानंतर माझं लग्न ठरलं. त्याच सुमाराला बाईंनी तुम्हाला एक काम सांगितलं होतं, की एखादी टीप जाणूनबुजून वाकडी घालायची आणि ती वस्तू तशीच हातावेगळी करायची, उसवायची नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यात असलं काही करायला तुम्ही साफ नकार दिलात, म्हणून त्या म्हणाल्या, मग घरातला उशीचा अभ्रा घ्या. तुम्ही अभ्रा घेतला नाहीत. लग्नाला चार दिवस होते. मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि तुम्ही माझा पिवळा ब्लाउज घडी घालून माझ्यापुढे ठेवलात. डाव्या बाहीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलंत. टीप तिथे बोटभर वाकली होती आणि परत सरळ झाली होती.

“अभ्रा वाकडा दिला त्यात काय मोठं? तुजा देता आला तर मी सुटलो.”

तुमच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, कुणाला दिसणार आहे बाबा, आतली तर आहे. तुम्ही मशीनकडे गेलात आणि मागे वळून बघितलं नाहीत. पुढे मी दर दिवाळीला माहेरी आले की तुम्ही चहा पिता पिता विचारायचात, टीप हाय ना गं? मी म्हणायचे, आहे बाबा, आणि कप विसळायला आत जायचे. तुम्ही इतके खूश व्हायचात की आईला वाटे, बापलेकीचं काहीतरी गुपित आहे.

आता माझं ऐका. मी खोपोलीत शाळेत शिकवते. सकाळी कुलूप लावते, कोपऱ्यापर्यंत जाते, परत येऊन ओढून बघते. आधी एकदा यायचे, मग चारदा यायला लागले, मग पहिला तास बुडायला लागला. झोप पहाटेच संपते. डॉक्टरांनी विचारलेलं सगळं मला तोंडपाठ होतं, तरी स्वतःला विचारायला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत मीही पित्त म्हटलं, उन्हाळा म्हटलं, तपासायच्या वह्यांचा ढीग म्हटलं. आणि गंमत ऐका, माझ्या बाई बसतात कुठे, तर ठाण्याला. तिकीट काढताना माझा आवाज इतका बारीक झाला की खिडकीतल्या माणसानं दोनदा विचारलं. आत गेल्यावर पहिली नजर कुठे गेली असेल सांगा. पडदा सरळ होता. त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं काही झालं होतं का? मी तुमच्याबद्दल भरभरून सांगितलं, मशीन, कशेळं, पिवळा ब्लाउज, सगळं. आणि मग मधेच थांबले, कारण पुढचं मला त्यांना सांगता येईना.

बाबा, ती टीप नव्हती. तुम्ही ब्लाउज दिलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारात गेलात आणि मी तुमच्याच मशीनवर बसून ती उसवली आणि सरळ घातली. सासरच्या बायका घडी उलटून बघतील, शिंप्याची लेक आणि शिवण बघा, असं म्हणतील, याची मला भीती वाटली. दहा मिनिटांचं काम होतं. तुम्ही ज्यासाठी वर्षभर दादरच्या खेपा घातल्यात, ते मी दहा मिनिटांत नाहीसं केलं, आणि पुढे दर दिवाळीला तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

काल सुट्टी होती. पेटीतून ब्लाउज काढला, डाव्या बाहीची टीप उसवली आणि ती पुन्हा वाकडी घालायला बसले. मला वाटलं होतं, सरळ घालण्यापेक्षा वाकडी घालणं सोपं असेल. घातली, आणि चहा उकळायच्या आत उसवली. तीन वेळा उसवली. हात आपोआप ब्लेडकडे जात होता. लग्नाच्या गडबडीत, घरात पाहुणे, आणि तुम्ही एकटे मशीनवर बसून हे केलं होतंत, आणि मग उठून मला द्यायला आला होतात. चौथ्यांदा घातली तेव्हा मी ब्लेड नेऊन शेजारणीकडे दिलं आणि तिला म्हटलं, मी मागितलं तरी देऊ नका. ती काय समजली कोण जाणे.

ब्लाउज घडी घालून पेटीत ठेवलाय, हे पत्र त्याच घडीत ठेवते. यांना अजून चष्माच सांगितलाय. टीप आहे, बाबा. सकाळपासून दोनदा पेटी उघडून खात्री केली.