होळी नाई झाली अजून

मूल (जि. चंद्रपूर), रविवार

प्रिय रीता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र वडशाला तुझ्या नाटक कंपनीतल्या धनराजच्या हाती पाठवते आहे. तालमी सुरू झाल्या असतील. तरी बसून वाच, आणि वाचताना रडायचं नाही. रडणं तुला स्टेजवर छान जमतं, ते मी पाहिलेलं आहे.

वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून मी पुष्कळ हट्टी मुली सांभाळल्या, पण तुझ्यासारखी तूच. दर गॅदरिंगला तुला नाटकात घ्यायचं नाही असं ठरवायचे आणि शेवटी मुख्य काम तुलाच द्यायचे. पुढे तू झाडीपट्टीच्या नाटकांतच गेलीस. तुला दिवस राहिले तसा विक्की निघून गेला. मग दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम आला की पोरीला, दिव्यानीला, माझ्या ओट्यावर सोडून तू गावोगाव फिरायचीस. "होळी झाली का नेतो, बाई." आणि नेतही होतीस. मी कुरकुर करायचे, पण दसरा झाला की तिची गोधडी मीच उन्हात घालायचे.

मग एका होळीला तू आली नाहीस. त्यानंतरच्या मंडईच्या जत्रांच्या दिवसांत तुझ्या नाटकाची गाडी आमच्या गल्लीतून गेली. भोंग्यावर तुझं नाव ऐकून पोर गाडीमागे राइस मिलपर्यंत धावली. परत येऊन तिनं पाय धुतले, फ्रॉक बदलला आणि ओट्यावर बसून राहिली. प्रयोग शेजारच्याच गावात होता. तुला सायकलवरही येता आलं असतं.

दुसरी होळी गेली तेव्हा बाल कल्याण समितीला मीच कळवलं. माझी पेन्शन आहे, घर आहे, पण पासष्टी उलटलेल्या एकट्या बाईला दत्तक मिळत नाही. मी विचारलं होतं, दोनदा. तेव्हापासून ती चंद्रपूरच्या बालगृहात आहे. भेटायची परवानगी मिळाली आहे, दर रविवारी एसटीने जाते. जेवते बरी, पाढे चुकवते. नव्या मुलींना सांगते, "माही आई नाटकात हाये. होळी नाई झाली अजून." मी खोटं बोलणाऱ्या मुलींना कधी सोडलं नाही. तिला मात्र काही बोलले नाही.

समितीकडून चौकशीला आलेल्या माणसाला तू "मंग सांगतो" म्हणालीस. नंतर पेपरात नोटीस आली, तिच्या फोटोसकट. कुणाचं मूल असेल त्यांनी यावं, म्हणून. धनराज सांगत होता, तू तो फोटो बराच वेळ पाहिलास आणि एवढंच म्हणालीस, "वेणी बाईनंच घातली वाटते." हो, मीच घातली होती. तुझीही तशीच घालायचे, घट्ट. तू कुरकुरायचीस, ही गप्प बसते.

आता मुद्द्याचं. येत्या मंगळवारी चंद्रपूरला समितीची बैठक आहे. तिला घेऊन जा असं मी म्हणणार नाही. ते तुझ्याच्यानं होणार नाही, हे मला कळलं आहे, आणि का ते मी विचारत नाही. तू आलीस तरी ती दुसऱ्या घरी दत्तक जाईल, नाही आलीस तरी जाईल. फरक एवढाच, की तू आली नाहीस तर तिच्या कागदावर 'परित्यक्त' लिहितील, म्हणजे टाकून दिलेली. तू येऊन समितीसमोर स्वतः सांगितलंस, सही केलीस, तर आईनं स्वाधीन केलेली असं लिहितील. मोठी झाल्यावर ती एक दिवस हा कागद मागेल. तेव्हा समजवायला मी नसेन. त्या दिवशी तिला तिथं आणणार नाहीत, मी विचारून घेतलं आहे. तुला तिच्याकडे पाहावं लागणार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसेन आणि तुला काही बोलणार नाही. फक्त ये.

तुझीच,
सुगंधाबाई